ताईच्या वावरातली टिटवी

मी बी.एस्सी. झालो तेव्हा आमच्या घरात पदवी म्हणजे काय हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. आईने शेजारणीला सांगितलं, "पोरगा सारे वर्ग संपवून आला." मला ते वाक्य अजून आवडतं. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या सरांनी आम्हा काही मुलांना पक्षी पाहायची सवय लावली. आपली दुर्बीण ते सगळ्यांना आळीपाळीने देत आणि सांगत, "दिसलं तेवढं लिहा. वाटलं ते डोक्यात राहू द्या." तालुक्याच्या गावी शाळेत विज्ञानाचा शिक्षक म्हणून लागल्यावर मी आधी जुनी लुना घेतली आणि नंतर जुनी दुर्बीण. नवीन काही घ्यायचं तेव्हा सुचतही नव्हतं.

रविवारी लुना काढायची आणि केळापूरच्या पुढे ताईच्या गावाला जायचं, असा माझा नेम होता. ताई माझी थोरली बहीण. सातवीनंतर तिची शाळा सुटली आणि ती आईबरोबर निंदणाला जाऊ लागली. त्यामुळे माझी शाळा चालू राहिली. हे ती कधी बोलून दाखवत नाही. मीच एकदा बोललो तर म्हणाली, "तुह्या जागी मी शिकली असती तं तू निंदाले गेला असता काय? तुले तं पऱ्हाटी आन गवतातला फरक नाही समजत." पऱ्हाटी म्हणजे कपाशी. एवढ्यावर तिने तो विषय संपवला.

गावात माझ्या दुर्बिणीची बरीच चेष्टा व्हायची. पारावर बसलेलं कोणीतरी हमखास विचारायचं, "काय मास्तर, किती रोही मोजले आज?" रोही म्हणजे नीलगाय. मी आकडा सांगितला की म्हणायचे, "मोजून झाले असतीन तं घेऊन जा ना बाप्पा. आमची पऱ्हाटी खाऊन राह्यले." रानडुकरांबद्दलही तेच. मी हसायचो, कारण त्यांचं बरोबर होतं. ज्याच्या शेतात रोह्यांचा कळप रात्रभर बसतो त्याला नुसती त्यांची नोंद दाखवून काय उपयोग?

ती वर्षं कापसाला वाईट होती. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात यायचं ते बहुतेक एकाच कारणासाठी. बाहेरची माणसं गाड्या करून यायची, दु:खाची चौकशी करायची आणि निघून जायची. ते सगळं खरं होतं, मी त्यातलं काही नाकारत नाही. पण त्याच वर्षांत त्याच वावरांमध्ये तितर ओरडत होते, नीलकंठ तारेवर बसत होते, संध्याकाळी चंडोल वर जाऊन गात होते, आणि मी ते पाहत हिंडत होतो. मला त्याची लाज वाटत नाही. उलट त्या रविवारांनी मला पुढचे सहा दिवस सांभाळलं.

एक गोष्ट मात्र मला जमत नव्हती. टिटवीचं घरटं पहिल्या अंड्यापासून पिल्लापर्यंत पाहायचं असं मी ठरवलं होतं. आपल्याकडची नेहमीची, डोळ्यांपुढे लाल कातडी असलेली ताम्रमुखी टिटवी. ती घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर थोडं उकरते, चार खडे आणून ठेवते आणि तिथेच अंडी घालते. त्यामुळे एक घरटं मुंगसाने नेलं, एक कुत्र्याने, एकावरून वखर गेला. प्रत्येक वेळी माझी नोंद मध्येच तुटायची.

त्या उन्हाळ्यात ताईच्या वावरात टिटवी बसली. त्यांचं वावर काळ्या मातीचं, नाल्याकडे उतरत जाणारं. नाल्याच्या अंगाला एक खोलगट जागा आहे, पावसाळ्यात तिथे पाणी थांबतं. तिथेच ढेकळांमध्ये चार अंडी होती. मातकट रंगाची, वर काळे-तपकिरी डाग. एका अंड्याच्या जाड टोकाला मोठा डाग होता, शाई सांडल्यासारखा. मी इतका खूश झालो की भाऊजींना हाताला धरून दाखवायला नेलं.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. उंच, शांत माणूस. ते उकिडवे बसले आणि अंडी पाहिली. मग उठून म्हणाले, "खाली घातली."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या भागात टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस पाहतात. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उंच जागी अंडी दिसली तर पाऊस भरपूर, आणि जितकी अंडी तितके महिने. खोलगटात दिसली तर पाऊस नाही, म्हणून टिटवीला बुडायची भीती नाही. तसं पाहिलं तर आमच्या दोन्ही घरांत शकुन-मुहूर्त कधीच सुटलेले. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात पंचांग नाही. भाऊजींच्या घरी तर लग्नाची तारीख शाळेच्या सुट्टीवरून ठरली होती. मी त्यांना तेच म्हणालो.

"मी कुठं मानतो?" ते म्हणाले. "पण पाखराले आपल्याहून आधी समजत असन तं?"

मी सांगून पाहिलं की टिटवी उंच-खोल बघत नाही, मोकळी जागा बघते. "आमच्या शाळेच्या गच्चीवरही घातली होती एका टिटवीनं. मग आमच्याकडं पूर यायला पाहिजे होता."

"तुमच्या तालुक्याचं तुमी पाहा," भाऊजी म्हणाले. "इथं खाली हाये."

हसण्यावारी न्यावं असं ते नव्हतं. आदल्या वर्षी त्यांनी धूळपेरणी केली होती, म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत सरकी टोबली होती. थोडा पाऊस आला, रोपं वर आली आणि मग आभाळ कोरडं झालं. सगळं पुन्हा टोबावं लागलं. आता त्यांचे थोरले भाऊ राजूरहून बोलावत होते. ते तिथे कोळशाच्या खाणीवर ठेकेदाराकडे होते. भाऊजींचं मन तिकडे निम्मं झुकलं होतं. वावर बटईने, म्हणजे वाट्याने कसायला, द्यायचं, बैल विकायचे आणि राजूर गाठायचं. खोलगटातल्या अंड्यांनी उरलेलं निम्मं झुकवलं.

ताईला ते नको होतं. भाऊजी पूर्वी एक उन्हाळा तिकडे राहून आले होते. "रोज दुकानात फोन करत," ताई मला सांगायची. "मले वाटे माही आठवण येऊन राह्यली. फोन उचलला का विचारत, बैलानं कुटार खाल्लं काय? येताना अंगावरचे सारे कपडे ढिले झालते." ती हसत सांगायची. पण भाऊजींनी कोपऱ्यातली रेक्झिनची थैली काढून झटकली त्या दिवशी ती हसली नाही. मला एवढंच म्हणाली, "तुह्या टिटवीले दुसरी जागा नव्हती काय, बाबू?"

पुढच्या रविवारी मी उजाडतानाच वावरात पोचलो. दुरून दुर्बीण लावली. टिटवी तिच्या जागेवर बसलेली दिसली. मला बरं वाटलं. जवळ गेलो तशी ती उठली, डोक्यावर येऊन ओरडायला लागली. मी खाली पाहिलं. जागा रिकामी होती. खडे होते, उकरलेली माती होती, अंडी नव्हती. कवचाचा तुकडाही नाही. म्हणजे टिटवी नुसत्या मातीवर बसली होती. मी थोडा दूर जाऊन बसलो तर ती पुन्हा आली, मान खाली घालून पाहिलं, पायाने माती सारखी केली आणि बसली. मग उठली. मग पुन्हा बसली. मला ते बघवेना.

तेवढ्यात भाऊजी वरच्या अंगाने लांब पावलं टाकत आले. गेल्या कित्येक आठवड्यांत मी त्यांना एवढं खुशीत पाहिलं नव्हतं.

"मास्तर, तिथं काय बसले? इकडं या. टिटवी वर चढली."

त्यांनी मला धुऱ्यावर नेलं. पळसाच्या बुंध्यापासून जरा लांब, सपाट मुरमावर चार अंडी होती. टिटवीच्या घरट्यात अंड्यांची निमुळती टोकं आत वळलेली असतात. इथे चारही चार दिशांना होती. आणि एकाच्या जाड टोकाला शाई सांडल्यासारखा डाग होता.

"ही तीच अंडी आहेत, भाऊजी."

"तीच असतीन ना. उचलून आणली असतीन तिनं. समजलं असन तिले का पाऊस येऊन राह्यला."

"कशात आणणार ती?"

"तुमी शिकलेले. तुमी सांगा."

मी काही सांगणार तोच ताई धुऱ्यावरून येताना दिसली. डोक्यावर भाकरीचं टोपलं, हातात चहाची किटली. ती जवळ आली, टोपलं खाली ठेवलं, कप काढले. आम्हा दोघांकडेही तिने पाहिलं नाही. लहानपणी आईच्या डब्यातला गूळ आम्ही दोघं चोरून खायचो आणि आई विचारायची, तेव्हा ताई अशीच दुसरीकडे पाहायची. मला समजलं. पण मी तोंड उघडलं नाही. उघडलं तर भाऊजी थैली भरणार. आणि गप्प बसलं तर ऊन वर येणार, अंडी मुरमावर तापणार आणि टिटवी तिकडे रिकाम्या मातीवर बसून राहणार. मी चहा प्यायलो, पण चव काही लागली नाही.

भाऊजींनी चहा दोन घोटांत संपवला आणि चपला पायात अडकवल्या.

"कुठं निघाले?" ताईने विचारलं.

"पारावर. साऱ्याइले सांगून येतो. काल सारे धूळपेरणी करू का नको, करू का नको, करत होते. म्हटलं, या आन पाहून जा."

"भाकर खा आधी."

"आलो मी."

"थांबा," ताई म्हणाली. मग किटलीचं झाकण उघडून त्यात पाहत म्हणाली, "टिटवीनं नाही आणली. म्या आणली."

भाऊजी तसेच उभे राहिले. "कवा?"

"काल. तुमी बैल पाजाले नेलते तवा. ओच्यात घालून आणली."

"काहून?"

"तुमी थैली झटकून ठेवली होती म्हणून."

टिटव्या ओरडत होत्या. भाऊजींनी चपला काढल्या, पुन्हा घातल्या. "मंग आता कायले सांगतलं? मले काय समजलं असतं?"

"तुमच्या एकट्यासाठी ठेवली होती," ताई म्हणाली. "आता सारं गाव माह्या ओच्यातल्या अंड्यावर सरकी टाकाले निघालं. उद्या पाऊस नाही आला तं म्या त्या बायाइच्या तोंडाकडं कसं पाहाचं? त्याइच्या संगं निंदाले जातो मी."

भाऊजी धुऱ्यावर बसले. मला वाटलं आता ते चिडतील. पण थोड्या वेळाने त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते.

"म्हणजे औंदाचा पाऊस तुह्या ओच्यात होता काय वं?"

"हासू नका."

"नाही हासत. मले एवढंच सांग, आनतानी एखादं फुटलं असतं तं तीनच महिने पाऊस होता काय?"

ताईने भाकरीच्या फडक्याने त्यांच्या पाठीवर फटका मारला. मग मी बोललो. म्हटलं, पावसाचं नंतर पाहू, आधी ही अंडी खाली नेऊन ठेवू, नाहीतर काही उरणार नाही. रात्र गरम होती म्हणून आशा आहे.

"माणसाचा हात लागला तं पाखरू घेत नाही म्हणतात," भाऊजी म्हणाले.

"म्हणतात. मी स्वत: पाहिलेलं नाही. आज पाहू."

भाऊजींनी खांद्यावरचा दुपट्टा पसरला, एकेक अंडं उचलून त्यात ठेवलं. अंडी नेताना ते असे चालत होते की जणू पायाखाली वावर नाही, ओली फरशी आहे. मी उकरलेल्या मातीत अंडी टोकं आत करून ठेवली. मग आम्ही तिघं दूर उभ्या असलेल्या बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, आडोशाला बसलो.

टिटवी लगेच आली नाही. जोडीतली एक वर घिरट्या घालत ओरडत राहिली, दुसरी उतरून ढेकळांतून चार पावलं धावायची, थांबायची, मान ताठ करून पाहायची आणि दुसरीकडेच निघून जायची. ताई पुटपुटली, "बस ना वं माय." मी दुर्बीण भाऊजींच्या हातात दिली. इतक्या वर्षांत त्यांनी ती कधी डोळ्याला लावली नव्हती. मी तिचं चाक फिरवून दिलं.

"अर बाप्पा," ते हळूच म्हणाले. "हे तं हातावर आलं."

मग ते सांगू लागले आणि आम्ही ऐकू लागलो. आता थांबली. आता खडा उचलून मागं टाकला. आता दुसरी नाल्याकडून आली. "हिचं पोट ओलं दिसून राह्यलं, मास्तर. पाण्यात पडली काय?"

मी सांगितलं की पडली नाही, मुद्दाम भिजवून आली आहे. कडक उन्हात टिटवी डबक्यात बसून पोटाची पिसं भिजवते आणि येऊन अंड्यांवर बसते, म्हणजे अंडी थंड राहतात. भाऊजींनी दुर्बीण खाली घेतली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा लावली. "बसली," ते म्हणाले. "पंख उचलून बसली. हालली. आता नीट बसली."

ताई म्हणाली, "द्या की मले." भाऊजींनी दुर्बीण द्यायला बराच वेळ लावला. मग तिनेही पाहिलं. ऊन डोक्यावर आलं होतं, भाकरी फडक्यात तशीच होती. मला त्या क्षणी वाटलं की माझ्या शिक्षणातला एक तुकडा का होईना, तिच्या हातात पोचला.

जेवताना भाऊजींनी तिला विचारलं, "तुले टोबाचंच हाये काय?"

"मले तुमी इथं पायजे," ताई म्हणाली. "टोबा, नाही तं नका टोबू."

"टोबल्याबिगर इथं राहून काय करू? तुह्या तोंडाकडं पाहू?"

"पाहा. कोणं मना केलं?"

भाऊजी खाली मान घालून भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "अर्धं आता टोबू. अर्धं पाऊस पडल्यावर. दोघाइचं राहीन." ताईने त्यांच्या ताटात आणखी ठेचा वाढला. त्या घरात होकार असाच दिला जातो.

त्या आठवड्यात वखर फिरला. भाऊजींनी टिटवीच्या जागेभोवती मोठे दगड ठेवून घेतले होते. वखर तिथपर्यंत यायचा, ते बैलांना वळवायचे आणि पलीकडून पुन्हा धरायचे. बैलांनाही दोन फेऱ्यांत ते कळलं. जाणाऱ्या-येणाऱ्याने विचारलं की भाऊजी सांगत, "मास्तरचं सरकारी काम हाये." माझं सरकारशी एवढंच नातं होतं की पगार शाळेतून यायचा. पण त्या दगडांना मग कोणी हात लावला नाही. पारावर भाऊजी अंड्यांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. ज्यांनी त्यांनी आपापल्या आभाळाकडे पाहून ठरवलं.

शाळा नुकतीच उघडली होती. एका दुपारी शिपाई वर्गाच्या दारात आला आणि सगळ्या मुलांसमोर म्हणाला, "सर, तुमच्या भाऊजींचा फोन होता. टिटवीला तीन पिल्लं झाली म्हणे, एक अंडं तसंच आहे." मुलं हसली. शिक्षकांच्या खोलीत तर विचारूच नका. एकाने पेढे मागितले. आणि मी खरंच आणले.

शाळा सुटताच लुना काढली. भाऊजी वावरात उभेच होते. "पाय पाहून टाका," त्यांनी लांबूनच बजावलं. मी पाहत होतो, मला काही दिसत नव्हतं. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात चालायला लागतात, आणि आईने इशारा दिला की जमिनीला चिकटून अशी पडतात की माती होऊन जातात. भाऊजींनी बोट दाखवलं. ढेकळाच्या सावलीत एक डोळा लुकलुकला. मग बाकीचं पिल्लू दिसलं. आम्ही तिथून मागे सरकलो. आईचा आवाज बदलला तशी तिन्ही पिल्लं उठली आणि लांब पायांवर अडखळत नाल्याकडे पळाली. शाईच्या डागाचं अंडं मात्र घरट्यात तसंच होतं. तेवढं नुकसान झालं. ताईला त्याचं वाईट वाटलं. मी म्हटलं, चारातली तीन म्हणजे माझ्या आतापर्यंतच्या सगळ्या घरट्यांपेक्षा जास्त.

पाऊस आला तो कोणाच्याच हिशेबाने आला नाही. धुळीत टोबलेल्या अर्ध्यात बरेच नांगे, म्हणजे रोप न उगवलेल्या रिकाम्या जागा, पडले, ते पुन्हा भरावे लागले. नंतर टोबलेलं अर्धं उशिरा आलं, पण एकसारखं आलं. कोणतं अर्धं बरं होतं यावरून ती दोघं अजूनही भांडतात. मला साक्षीला बोलावतात आणि माझी साक्ष कोणीच मानत नाही.

पऱ्हाटी गुडघ्याला लागली होती तेव्हाच्या एका रविवारी दुकानदाराने निरोप पाठवला, राजूरहून फोन आहे. मी भाऊजींबरोबर गेलो. पलीकडे त्यांचे थोरले भाऊ होते. त्यांचा आवाज मोठा, दुकानात सगळ्यांना ऐकू येत होता. कामावर जागा निघाली होती, लगेच ये म्हणत होते. भाऊजी ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, "औंदा नाही जमत, दादा." पलीकडून कारण विचारलं असावं. भाऊजींनी दुकानाबाहेर पाहिलं, जिथून वावर दिसतसुद्धा नाही, आणि म्हणाले, "निंदण चालू हाये. वावर सोडून कसा येऊ?" फोन ठेवला, दुकानदाराचा निरोप न घेताच निघाले, आणि वाटेत मला म्हणाले, "मास्तर, ती दुर्बीण आणली ना आज?"